आधी धार, मग हत्यार

वाचकाचं पत्र: काका, नमस्कार. मी नाशकात पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये राहते आणि अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माझे आजोबा पेठ तालुक्यात सुतारकाम करायचे. ते गेल्यावर त्यांची एक गोणी माझ्याकडे आली. तिच्यात दोन पटाश्या (लाकूड कोरायच्या चपट्या छिन्न्या), एक वाकस (लाकूड तासायचं हत्यार) आणि मोडक्या मुठीची एक करवत आहे, सगळं गंजलेलं. मला स्वतःच्या हाताने आधी मुलीसाठी पाट आणि मग पुस्तकांचं कपाट करायचंय. हाताशी तीन हजार रुपये आहेत. आमच्या ह्यांचं म्हणणं, ऑनलाइन 46 वस्तूंचा संच 2,499 रुपयांना मिळतोय, तो मागव. वर ग्राइंडरला लावायचं लाकूड कापायचं पातं फुकट आहे. जागा म्हणाल तर आठ बाय चारची बाल्कनी, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू आवाजाला वैतागतात. काय घेऊ? आणि आजोबांची हत्यारं भंगारात देऊ का?

उत्तर:

ताई, गोणी भंगारात देऊ नका आणि तो संच मागवू नका. एवढं वाचून तुम्ही पान मिटलंत तरी माझं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं धारेबद्दल आहे, ते जरा लांबेल.

मी सातपूरच्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होतो. ओतकामाचा साचा करायला आधी लाकडाचा नमुना लागतो, तो करणारा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून नमुना फुटामागे साधारण एक सूत मोठा करायचा. त्यासाठी आमच्याकडे मुद्दाम वाढीव मापाची पट्टी असायची. (आठ सूत म्हणजे एक इंच, हे आजोबांच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेलच.) अशा खात्यात मी कामाला लागलो तेव्हा पहिला महिनाभर मिस्त्रींनी मला लाकडाला हात लावू दिला नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या पटाश्या आणि रंध्यांची (लाकूड सोलून गुळगुळीत करायच्या हत्यारांची) पाती समोर आणून टाकायचे आणि म्हणायचे, लाव धार. हा माणूस आपल्याला फुकट राबवून घेतोय, असं मला वाटायचं. महिना संपला आणि पहिल्यांदा सागाच्या तुकड्यावर पटाशी चालवली, तेव्हा ती लोण्यातून जावी तशी गेली. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसतं पुढचं काम दिलं.

निवृत्त झालो तेव्हा हत्यारं कंपनीची, ती कंपनीत राहिली. घरी हौसेने काही करावं म्हणून मीही मोबाइलवर जाहिरात बघून असाच एक संच मागवला. तीस वर्षं हे काम करून मी फसलो, म्हणून तुमच्या यजमानांना बोल लावत नाही. त्या संचातल्या पटाशीला मी दोन तास धार काढली. ती धार सागाच्या तिसऱ्या घावाला वाकली. तुटली नाही, वाकली. म्हणजे पोलाद नावापुरतं. उरलेल्या वस्तूंत अर्धे तर स्क्रूड्रायव्हरचे बिट, ते एक एक करून वस्तू म्हणून मोजलेले. 46 चा आकडा असाच होतो.

आता त्या फुकट पात्याबद्दल. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो. तो बनवलाय लोखंड घासायला. त्याला दातेरी पातं लावलं की एखादा दात लाकडात अडकतो आणि मशीन उलटं अंगावर येतं, तेही हातांना कळायच्या आत. इमारतींच्या कामावर फर्निचरवाले ग्राइंडरला किंवा मार्बल कटरला असलं पातं लावून, गार्ड काढून, सर्रास काम करतात. त्यांच्यातल्या जुन्या माणसांची बोटं मोजून बघा. घरात लहान मूल आहे. ते पातं फुकट आलं तरी कचऱ्यात टाका, आणि टाकताना पक्कडीने वाकवून टाका, म्हणजे दुसरा कोणी उचलून वापरणार नाही.

बरं, गोणी उघडू. करवतीची मूठ मोडली असेल तर ती दुसरी बसवता येते, पण गंजाने पात्याला खड्डे पडले असतील आणि दात झिजले असतील तर नवशिक्याने तिच्या नादी लागू नये. ती बाजूला ठेवा. पटाश्यांचं मात्र सोनं होऊ शकतं. एक कानस घ्या आणि पटाशीच्या धारेजवळ हलकीशी घासा. कानस काचेवरून जावी तशी घसरली तर पोलाद कडक आहे, जपण्यासारखं आहे. चावली, भुकटी निघाली, तर मऊ आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या सुतारांना साग आणि शिवण कापावी लागायची, मऊ पटाशी त्यांनी ठेवली असती असं मला वाटत नाही. मूठ काढून पातं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी तारेच्या घासणीने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा म्हणजे आंबट उरणार नाही, कोरडं पुसा आणि लगेच शिलाई मशीनचं तेल लावा. लगेच म्हणजे लगेच. चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत पुन्हा तांबूस झालेलं असेल. मग सपाट बाजू बघा. धारेपासून अर्ध्या इंचात गंजाचे खोल खड्डे असतील तर ते जाईपर्यंत घासत बसावं लागेल. खड्डे वरच्या बाजूला असतील तर बिघडत नाही.

आणि कृपा करून रस्त्यावरच्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर त्या पटाश्या देऊ नका. चाकावर टोक तापतं, निळं पडतं, आणि निळं पडलेल्या पोलादाचा कडकपणा गेलेला असतो. आजोबांनी चाळीस वर्षं सांभाळलेली गोष्ट अर्ध्या मिनिटात संपते.

धार घरीच लावायची. महागडे दगड नकोत. काचेच्या दुकानातून आठ किंवा दहा मिलिमीटर जाड काचेचा एक तुकडा आणा, फूटभर लांब, चार इंच रुंद. दुकानात असे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. कडा घासून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणा, 220, 400, 800, 1500 आणि 2000 नंबरचे. काचेवर पाण्याचे चार थेंब टाकून पेपर चिकटवला की झाला तुमचा धारेचा दगड, आणि काच सपाट असल्यामुळे तो दगडापेक्षा सपाट. आधी पटाशीची सपाट पाठ घासा. सगळी नको, टोकाचा इंचभर भाग आरशासारखा होऊ दे. या कामाला पहिल्या खेपेला संध्याकाळ जाईल, पण ते पटाशीच्या आयुष्यात एकदाच करायचं असतं. मग उताराची बाजू. उताराचा कोन 25 ते 30 अंशांचा हवा. तुम्ही क्वालिटीला आहात, कोनमापक काढाल. त्याची गरज नाही. उताराची लांबी पटाशीच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन बरोबर 30 अंश. जाडी एक सूत तर उतार दोन सूत. शाळेतलं त्रिकोणमितीचं गणित असं बाल्कनीत कामाला येतं.

220 वर घासत राहा, जोपर्यंत सपाट बाजूला धारेच्या पलीकडे बोटाला बारीक खरखरीत कड लागत नाही. कारखान्यात आम्ही तिला बर म्हणायचो. बर टोकापासून टोकापर्यंत आली नाही तर धार पोचलेली नाही, वरच्या नंबरावर जाऊन उपयोग नाही. इथेच नव्वद टक्के लोक घाई करतात. बर आली की 400, 800 असं चढत जा, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर मागे ओढत दहा-पंधरा वेळा फिरवा, पूर्वी न्हावी वस्तरा फिरवायचे तसं. आता परीक्षा. हातावरचे केस कापून बघू नका, तसली धार दाखवायला बरी. पाइनच्या फळीच्या टोकावर, जिथे रेषांची तोंडं दिसतात, तिथून पातळ काप काढा. पाइन मऊ असतं. बोथट पटाशीने ते चिरडतं, पांढुरकं दिसतं, भोकं पडतात. धारदार पटाशीने काप सलग निघतो आणि लाकूड चकाकतं. कडक सागापेक्षा मऊ पाइनवर धारेचा खोटेपणा लवकर उघडा पडतो.

आता खरेदी. जुन्या नाशकात, रविवार कारंजा-मेनरोडच्या बाजूच्या एखाद्या हार्डवेअर दुकानात स्वतः जा, कारण दोन वस्तू हातात घेऊन तपासल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत.

पहिली वस्तू गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. सहा इंची, लोखंडी पात्याचा, दीडशे-दोनशेला मिळतो. दुकानात सरळ कडेचा एक प्लायचा तुकडा मागा. गुण्याची मूठ कडेला टेकवून बारीक पेन्सिलने एक रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढी फाक दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. मी एकदा पाच गुणे तपासून सहावा घेतला होता, आणि त्या दुकानदाराने पुढच्या वेळी मला बघून आपणहून प्लायचा तुकडा काढला.

दुसरी करवत. अठरा इंची, इंचाला दहा-अकरा दात असलेली, टोकं निळसर-काळी केलेले कडक दात असतात ती घ्या. तिला पुन्हा कानशीने धार लावता येत नाही, दात गेले की करवत गेली, हे खरं. पण पहिलं वर्षभर करवतीला धार लावायचं डोक्यातून काढलेलं बरं. साडेतीनशे-चारशे रुपयांत येईल. पातं डोळ्यासमोर धरून बंदुकीचा नेम धरल्यासारखं बघा, बाक नको. मूठ धरल्यावर तर्जनी पुढे पात्याच्या दिशेने सरळ राहिली पाहिजे. चार बोटांनी आवळून धरणाऱ्याची करवत कधी सरळ जात नाही. ओढताना कापणाऱ्या जपानी करवती हल्ली मिळतात, छान असतात, पुढे घ्या. तसं पाहिलं तर आपल्याकडचे जुने सुतार जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून, ओढीवरच करवत चालवायचे. आजोबांच्या करवतीच्या दातांचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते सहज बघून ठेवा.

रंधा मी लाकडीच सांगेन. दोन इंची पात्याचा, चारशे-पाचशेपर्यंत मिळेल. लोखंडी रंधे 4 नंबर, 5 नंबर म्हणून विकतात. ते नंबर स्टॅनली कंपनीचे, तिने 1869 मध्ये लेनर्ड बेलीचा रंध्याचा धंदा घेतला तेव्हापासून चालत आलेले, आणि इतर कंपन्यांचे रंधेही आज त्याच नंबरांनी ओळखतात. पण हजाराच्या आतला लोखंडी रंधा तळाला सपाट मिळणं नशिबावर आहे, आणि तुमच्या बजेटमध्ये नशिबाचा कप्पा नाही. लाकडी रंध्याचं पातं पुढे घ्यायला पात्याच्या डोक्यावर हलकी टिचकी मारायची, मागे घ्यायला रंध्याच्या मागच्या तोंडावर. आठवडाभरात हाताला कळतं. पातं दुकानातून आलेलं असतं तसं वापरू नका. नवीन पात्याला धार नसते, फक्त धारेचा आकार असतो. नव्या पटाशीचंही तेच.

बाकी भराभर सांगतो. अर्ध्या इंचाची एक नवी पटाशी, आजोबांच्या दोन रुंद असतील असं धरून. चार इंची दोन सी क्लॅम्प. तिसरा हात म्हणजे तेच. हाताने फिरवायचं गिअरचं ड्रिल, ज्याचा आवाज काकूंपर्यंत जाणार नाही. मेझर टेप, पेन्सिल, फेविकॉलचा छोटा डबा, एन-95 मास्क. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेल्या गटात टाकलंय, तेव्हा पॉलिश पेपर मारताना मास्क हवाच. स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड घरात नसेल तर तापरियाची घ्या, कंपनी आपल्या सातपूरच्या एमआयडीसीतलीच आहे. मोगरी (लाकडी हातोडी) विकत घेऊ नका, बाभळीचा ओंडका मिळाला तर त्यातून घडवलेली मोगरीच तुमची पहिली वस्तू होऊ दे.

माझ्या हिशेबाने हे सगळं काच-पेपर धरून अडीच हजारांच्या आसपास बसतं, दुकानागणिक शे-दोनशे इकडेतिकडे. उरलेले चारशे-पाचशे खर्चू नका. पाट करताना एखादी वस्तू नाही म्हणून अडाल, तेव्हा ती घ्या. आधी अडायचं, मग घ्यायचं.

लाकडाला पैसे नकोत. अंबडला तुमच्या कंपनीत परदेशी मशिनरी येते का बघा. पाइनच्या पेट्या आणि पॅलेट स्टोअरमागे पडलेली असतात. साहेबांची परवानगी आणि गेटपास घेऊन आणा. लाकडावर गव्हाच्या लोंबीच्या चित्राचा शिक्का असतो, त्यात ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरं असतील तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांना निदान अर्धा तास तापवून किडीपासून मुक्त केलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडच्या विषारी धुरीतलं आहे. मुलीच्या पाटासाठी ते नको. शिक्काच नसेल, किंवा तेलाचे डाग असतील, तरी सोडून द्या. आणि करवत लावण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा. एक लपलेला खिळा चारशे रुपयांची करवत एका ओढीत घालवतो.

पाट करण्याआधी एक छोटी वस्तू करा. प्लायचा दहा बाय आठ इंचाचा तुकडा, खालच्या बाजूला पुढच्या कडेला एक पट्टी, वरच्या बाजूला मागच्या कडेला दुसरी पट्टी. खालची पट्टी ओट्याच्या किंवा टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून करवत चालवायची. लाकूड हलत नाही, टेबल कापलं जात नाही. बाल्कनीत एवढं असलं की सुताराचा बाक नसल्याचं दुःख निम्मं होतं. खाली दुहेरी गोधडी किंवा रबरी चटई टाका. मोगरीचे घाव टेबलाच्या मध्यावर मारू नका, पायाच्या वर मारा. मधे मारले की टेबल ढोलासारखं वाजतं. ठोकाठोकी संध्याकाळी सहाच्या आत उरका आणि रंध्याची कुरळी साल काकूंच्या कुंड्यांसाठी पिशवीत भरून द्या. माझ्या शेजारी हा उपाय चाललाय.

पाटाबद्दल एकच तांत्रिक गोष्ट, कारण ती चुकली की पाट फुटतो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. नाशकात जुलैची ओल आणि एप्रिलचा कोरडेपणा यात बराच फरक आहे. पाटाच्या खाली ज्या दोन आडव्या पट्ट्या लागतात, त्या फळीला फेविकॉल लावून पक्क्या केल्यात तर फळीला हलायला जागा राहत नाही आणि ती मधोमध तडकते. पट्टीच्या मधल्या स्क्रूचं भोक घट्ट ठेवा, टोकांकडची दोन्ही भोकं कानशीने फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा, आणि फेविकॉल लावूच नका. स्क्रू सरकेल, फळी वाचेल.

कपाट पुढच्या वर्षी. ते पाइनचं नको, प्लायचं करा, आणि तेव्हा आठ बाय चारची शीट बाल्कनीत कापायच्या फंदात न पडता दुकानदाराकडूनच मापाने कापून घ्या. त्याच्याकडे टेबलाचं मशीन असतं, पंधरा मिनिटांचं काम. प्लायवर आयएस 303 (प्लायचं सरकारी मानक) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं) लिहिलेलं बघा. तेव्हा पुन्हा पत्र टाका, फळ्यांच्या लांबीचं बोलू.

वाकस राहिला. तो चालवायला शिकवणारं माणूस समोर बसलेलं असल्याशिवाय चालवू नका. घाव पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर पडतो. जुन्या नाशकातल्या सरकारवाड्यातले खांब बघाल तेव्हा कळेल की वाकसाच्या माणसाचा हात काय असायचा, पण तो हात बाल्कनीत तयार होत नाही. गंज काढा, तेल लावा, धारेवर जाड चामड्याचा तुकडा बांधा आणि मुलीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. दांडा सैल झाला असेल तर लोक सांगतात तसं पाण्यात भिजवू नका. फुगून तात्पुरता घट्ट होतो, पण फुगताना लाकडाचे तंतू चेपले जातात आणि सुकल्यावर तो आधीपेक्षा जास्त सैल होतो. बाभळीची एक बारीक पाचर करून ठोका. पाचर करायला आजोबांचीच पटाशी वापरा, धार लावून झाल्यावर.